टाकीत जन्मलेला मासा

अण्णा,

तुला ही अक्षरं वाचता येत नव्हती. आपण तंजावूरची माणसं, घरात बोलायचो मराठी आणि वाचायचो तमिळ. बाळबोध लिपी मी लग्न होऊन पुण्याला गेल्यावर शिकले. परत आल्यावर मी एखादं मराठी पुस्तक घेऊन बसले की तू आरामखुर्चीतून म्हणायचास, "मोठ्यानं वाच की अंबू, मजलाही कळू दे." म्हणून हेही मी मोठ्यानं वाचत वाचत लिहितेय. माझी लेक मुक्ता शाळेत गेलीय. घरात कुणी नाही, त्यामुळे वेडी म्हणायलाही कुणी नाही.

तुला जाऊन सव्वीस दिवस झाले. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. माणसं गेली, सगळ्यांत शेवटी कुंभकोणमची काकी गेली. निघताना तिनं पुढच्या खोलीतल्या तुझ्या टाकीकडे बोट दाखवलं. "ह्या खाऱ्या पाण्याचं आता काय करणार ग? एक मासादेखील नाही त्यात. अण्णा नऊ महिने नुसतं पाणीच बघत बसला होय?"

मी म्हटलं, "असू दे काकी." पण तिचा प्रश्न बरोबरच होता. नऊ महिने तू मासा निवडत होतास.

चौतीस वर्षं तू कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनच्या बरण्या पुसल्यास. त्या बरण्यांतले पांढरे पडलेले मासे पोरांना दाखवलेस, त्यांची नावं पाठ करून घेतलीस. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, तू त्रिचीला गेलास आणि दोन फुटांची काचेची टाकी घेऊन आलास. मला वाटलं होतं, आठवड्याभरात त्यात रंगीबेरंगी मासे फिरायला लागतील. तू गाळलेल्या पाण्यात समुद्राचं मीठ कालवलंस, कोरडे दगड रचलेस आणि ऐन वैशाखात पंखा माणसांवरून टाकीकडे वळवलास. वीज गेली की फ्रीजमधून बर्फाच्या बाटल्या काढून पाण्यात सोडायचास. मुक्ता रोज विचारायची, मासे कधी? तू सांगायचास, "पाणी अजून पिकलं नाही. घाण पचवणारे जंतू आधी त्यात वाढायला हवेत."

पाणी पिकायला दोन महिने लागले. मग तू बटणांएवढी उमलणारी प्रवाळं आणलीस, तीही समुद्रातून खरवडून आणलेली नकोत, कुणाच्या टाकीत वाढवलेली असतील तरच द्या, असं दुकानदाराला बजावून. आणि मग ती वही सुरू झाली. एकेका पानावर एकेक मासा, पेन्सिलनं काढलेला, खाली तुझ्या गोल तमिळ अक्षरात त्याचा स्वभाव आणि शेवटी निकाल. निकाल बहुतेक वेळा 'नको' असाच.

"मामा, तो निळा आण ना. चपटा, पिवळ्या शेपटीचा."

"तो केवढा होतो माहीत आहे? तुझ्या कोपरापासून मनगटापर्यंत. आणि दिवसभर पोहणारा जीव तो. ह्या टाकीत शेपटी हलवली की भिंत."

"मग तो लाल शेपटीचा? उभ्या उभ्या तरंगतो तो?"

"तो घाबरट. दचकला की उडी मारतो. शाळेतून येशील तेव्हा तुजला जमिनीवर सापडेल."

"बरं, मग छोटा निळा. तो तर बोटाएवढाच असतो."

"बोटाएवढा, पण भांडखोर. उद्या दुसरा मासा आणला तर त्याला जगू देणार नाही."

मी आतून डोशाचं पीठ वाटता वाटता ओरडले, "अण्णा, मासा निवडतोयस की जावई?"

मुक्ता हसली. मीही हसले. तू हसला नाहीस. वही मिटलीस आणि टाकीत रोजचा तांब्याभर साधं पाणी ओतायला उठलास. पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून भर साध्याच पाण्याची घालायची, हे तू त्या दिवशीही मुक्ताला समजावून सांगितलंस, पण माझ्याकडे बघितलं नाहीस.

दिवाळीच्या आधी मी शिकवते त्या कॉलेजच्या कामासाठी चेन्नईला गेले होते. काम दुपारीच संपलं आणि मी कोळत्तूरच्या माशांच्या बाजारात गेले. तिथं मला मँडरिन नावाचा मासा दिसला. मोरपंखी रेशमी पट्टूवर नारिंगी जरीची वेलबुट्टी काढावी तसा. इतका सुंदर जीव मी आयुष्यात बघितला नव्हता. दुकानदार म्हणाला, "छोटा आहे, शांत आहे, कुणाशी भांडत नाही." तुझ्या वहीतले सगळे 'नको' मी मनात तपासले. मोठा होत नाही. उडी मारत नाही. भांडत नाही. मग झालं तर. काय खातो, ते मी विचारलं. "सगळं खातो," तो म्हणाला.

ऑक्सिजन भरलेली पिशवी थर्मोकोलच्या डब्यात ठेवून मी तो डबा तंजावूरपर्यंत मांडीवर धरून आणला. तुला फोन केला नाही. मला तुझा चेहरा बघायचा होता.

तुझा चेहरा मी बघितला, अण्णा. आधी आनंदच होता त्यावर. मग तू चष्मा पुसलास आणि पिशवी उजेडाकडे धरलीस. बारीक नळीनं थेंब थेंब टाकीचं पाणी पिशवीत सोडत तासभर बसलास आणि त्याला हलकेच आत सोडलंस. मुक्ता झोपायला गेल्यावर मला म्हणालास, "अंबू, हा दगडावरचे डोळ्यांना न दिसणारे किडे टिपून खातो. दिवसभर खातो. आपले दगड कोरडे आणलेले, पाच महिन्यांचे. चार दिवसांत साफ होतील."

मग तू काय काय केलंस! स्वयंपाकघरात डोशाच्या पिठाशेजारी बाटल्या आल्या, त्यांत मिठाचं पाणी, त्यात कसलीशी अंडी फुटून लाल ठिपके वळवळायचे. ते तू पिचकारीनं त्याच्या तोंडाशी सोडायचास. कधी तो एखाददुसरा टिपायचा, बहुतेक वेळा तोंड फिरवायचा. तू भिंग घेऊन त्याचं पोट बघायचास. पोट आत जात चाललं होतं. त्रिचीच्या सेल्वमनं, म्हणजे तुझ्या दुकानदारानं, खूप शोधून एका माणसाचा पत्ता काढला. त्याच्याकडे सहा फुटांची जुनी टाकी होती, दगड वर्षानुवर्षांचे. रविवारी मासा त्याच्याकडे न्यायचा ठरला. डबा पुसून तयार ठेवला होतास.

शुक्रवारी सकाळी तो वाळूवर आडवा पडलेला होता. रंग तसेच होते.

तू त्याला जाळीनं काढलंस, जास्वंदीच्या मुळाशी पुरलंस आणि येऊन स्टुलावर बसलास. मुक्ता रडत रडत शाळेत गेली. मी कॉलेजला निघाले होते. तुला तसं बसलेलं बघून मला रागच आला. मी म्हटलं, "किती वेळ असा बसणार आहेस? मासाच होता ना?"

तू म्हणालास, "आणण्याआधी मजला एक फोन केला असतास, तर बरं झालं असतं. ह्याला इथे काय खायला मिळणार, एवढंच बघायचं होतं ग."

एवढंच बोललास. आवाजसुद्धा चढवला नाहीस. आणि मी काय बोलले! "तू बघितलं होतंस? मला पुण्याला पाठवताना बघितलं होतंस, हिला तिथे काय मिळणार ते?"

तुझ्या हातात ती ओली जाळी होती. तिचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. तू म्हणालास, "बरोबर आहे तुझं." आणि जाळी धुवायला मागे गेलास.

अण्णा, बरोबर नव्हतं ते. तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं. आपल्या दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून मी आज ते लिहून ठेवतेय.

तू पुण्याला जाऊन ते घर बघून आला होतास. आल्यावर गच्चीवर, मी वाळवणं उलटत होते तिथं येऊन बसलास. म्हणालास, "माणसं चांगली आहेत, अंबू. पण घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. मी चार वाक्यं बोललो, तर दोनदा मजला दुरुस्त केलं. तुजला तिथे जड जाईल. नको म्हणून कळवू या."

मी एकोणतीस वर्षांची होते. बरोबरीच्या सगळ्या मुली कधीच संसाराला लागल्या होत्या. आणि मला ते शहर हवं होतं. जिथं दुकानाच्या पाट्याही आपल्या भाषेत, बसमधली भांडणंही आपल्या भाषेत. त्या पाट्या मला वाचता येत नव्हत्या, हे माझ्या लक्षातही आलं नाही. मी तुला म्हटलं, "तुला मी इथंच हवीय, तुझा स्वयंपाक करायला."

तूही दोन-चार वाळवणं उलटलीस. मग म्हणालास, "बरं. हो म्हणून कळवतो."

पुण्यात वाईट कुणी नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "मजला भूक लागली," आणि दिरानं विचारलं, "कितवा मजला, वहिनी?" सगळे हसले. मीही हसले. विनोद चांगलाच होता. पण तो वर्षभर चालला. मग मी तोंड उघडण्याआधी प्रत्येक वाक्य मनात तपासून बघायला लागले. मग वाक्यं कमी झाली. मुक्ता झाली तेव्हा तिच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं ते मला कळेना. नवरा सज्जन होता, तो म्हणायचा, तू बोलत का नाहीस? आणि मला सांगता यायचं नाही. पुणं कायमचं सोडून, तीन वर्षांच्या मुक्ताला कडेवर घेऊन मी उतरले, तेव्हा तू तंजावूर स्टेशनवर उभा होतास. "अय्यो, केवढी मोठी झाली ही!" एवढंच म्हणालास आणि तिला माझ्याकडून घेतलंस.

त्या आठवड्यात नातेवाईक आले. काकीनं विचारलं, "असं कसं झालं रे?" तू म्हणालास, "चूक माझी. मी नीट बघितलं नाही." मी स्वयंपाकघराच्या दारात कॉफीचे पेले घेऊन उभी होते. तेव्हा बोलायचं होतं मी. नाही बोलले. मला वाटलं, आज राहू दे, लोक गेले की बघू. लोक गेले. नऊ वर्षं गेली. तू सगळीकडे तेच सांगत राहिलास, आणि ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं. दुसऱ्याच्या माथ्यावर मारलेलं ओझं आपल्याला हलकं वाटतं, आणि ते आपलंच होतं हे आपण विसरतो. मी विसरले होते. त्या शुक्रवारी मी जे बोलले ते खोटं बोलायचं म्हणून नाही बोलले, अण्णा. ते मला खरंच वाटत होतं. संध्याकाळी कॉलेजातून येताना बसमध्ये ती गच्ची आठवली, आणि मला घरी यायची लाज वाटली.

त्यानंतर आपण भांडलो नाही, पण नीट बोललोही नाही. सकाळची कॉफी तू नेहमीसारखीच करून ठेवायचास. "वीजबिल भरलं." "मुक्ताचा ताप उतरला." एवढंच. मासिमासात, म्हणजे माघ-फाल्गुनात, ओरत्तनाडूला लग्नाला गेलो, तुला आठवतं? पंगतीत शेजारच्या बाईनं माझ्याकडे बघून तुला म्हटलं, "पोरीचं काय केलंस रे अण्णा, एवढी शिकलेली!" तू पानावरचा भात कालवत हसलास. "हो हो, माझंच चुकलं."

परत येताना मी स्कूटर चालवत होते, तू मागे बसला होतास. दोन्हीकडे कापणी झालेली शेतं. मी ठरवलं, आता. मी म्हटलं, "अण्णा, त्या गच्चीवर तू नको म्हणाला होतास." वारा होता, समोरून लॉरी आली.

"काय म्हणालीस?" तू विचारलंस.

मी म्हटलं, "काही नाही. नीट धरून बस."

तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि घरापर्यंत काढला नाहीस. तू ऐकलं होतंस का रे? मी रोज स्वतःला विचारते. कधी वाटतं, ऐकलं होतंस आणि मला सोडवलंस. कधी वाटतं, खरंच वाऱ्याचा आवाज होता.

बारा दिवसांनी, दुपारी जेवून तू टाकीत पाणी घातलंस, आरामखुर्चीत टेकलास आणि म्हणालास, "अंबू, जरा पंखा वाढव." मी पंखा वाढवला. वळले, तर तू नव्हतास. ऑटोतून नेलं, डॉक्टरांनी बघितलं, पण मला वळतानाच कळलं होतं. तिरुवैयारूला कावेरीत अस्थी सोडताना पाणी घोट्याइतकंच होतं. भटजी म्हणाले, थोडं पुढं जा. मुक्ता माझा हात धरून पुढं आली.

काकी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्रिचीहून सेल्वमचा फोन आला. "सार आहेत का?" मी सांगितलं. त्यानं मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "अक्का, सारांनी एक मासा सांगून ठेवला होता. तंगच्ची येऊन बघेल, तिला पसंत पडला तरच पाठवा, म्हणाले होते." तंगच्ची, म्हणजे मी, तुझी धाकटी बहीण.

मी तुझी वही उघडली. शेवटच्या पानावर साधा क्लाऊनफिश होता, नारिंगी, तीन पांढऱ्या पट्ट्यांचा. ज्याला मुक्ता म्हणायची, तो तर सगळ्यांकडे असतो! खाली लिहिलं होतं: टाकीत जन्मलेला. समुद्र बघितलेला नाही. जन्मापासून खाद्याची गोळी खातो. लहान जागेत रमतो. चालेल. आणि त्याच्याखाली: आधी अंबूला विचारायचं.

मी जमिनीवर बसून रडले, अण्णा. तेराव्यापर्यंत लोकांसमोर रडले होते ते वेगळं.

शनिवारी मुक्ताला घेऊन त्रिचीला गेले. सेल्वमनं चार पिल्लं वेगळी ठेवली होती. मी म्हटलं, "मला ती खाताना दाखवा." त्यानं चिमूटभर बारीक गोळ्या टाकल्या. दोघं झडप घालून खायला आले, एक कोपऱ्यातच राहिला. चौथा जरा मागं थांबला, इतरांचं झाल्यावर पुढं आला आणि एक एक गोळी नीट टिपून खाल्ली. मी विचारलं, इथं किती दिवस झाले, पाण्याचं मीठ किती, कुणाच्या अंगावर पांढरे ठिपके आहेत का, दुकानात आल्यापासून कुणी मेला का. सेल्वम उत्तरं देता देता थांबला. म्हणाला, "सारही हेच विचारायचे, ह्याच क्रमानं." मग तो मागे वळून उगाच जाळी शोधायला लागला.

आम्ही तो चौथा आणला. मीठ मोजलं, पाण्याची उष्णता बघितली, तासभर नळीनं थेंब सोडले. मुक्ताला सगळं येतं. तू गेल्यावर त्या तेरा दिवसांत टाकीत रोज साधं पाणी तिनंच घातलं होतं, मला माहीतही नव्हतं. सोडल्यावर तो दगडामागं गेला आणि बाहेर येईना. रविवारी गोळी टाकली, खाल्ली नाही. सोमवारीही नाही. उरलेल्या गोळ्या मुक्ता पिचकारीनं उचलून काढायची, पाणी खराब व्हायला नको म्हणून. मी कॉलेजात शिकवत होते, पण मन घरी. जर हाही उपाशी राहिला, तर मी तुला काय सांगणार होते? तू निवडलेला होता तो, आणि मी पसंत केलेला.

आज सकाळी मुक्तानं शाळेचा गणवेश घालून दोन गोळ्या टाकल्या. मी तिची वेणी घालत होते. तो दगडाच्या कडेनं बाहेर आला. थांबला. गोळी खाली येत होती, ती त्यानं अर्ध्यातच टिपली. मग दुसरी.

मुक्ता माझ्या हातातून वेणी सोडवून धावली. "मामा, खाल्लं! मामा, त्यानं खाल्लं!" ओरडत तुझ्या खोलीपर्यंत गेली, आणि उंबऱ्यावर थांबली.

मी तिच्या मागोमाग होते, अण्णा. मीही तुलाच सांगायला निघाले होते.